खुर्ची आपली, कौल कुणाचा?

बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळवाल्यांना ते झेपले नाही. त्यांनी परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून काढले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यातील पेशवाईची हकीकत, अस्पृश्यांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू, आपल्याकडे जयंतीच्या भाषणांतून नेहमी येते. पण त्याच पुस्तकात थोडे पुढे गेले की प्राचीन रोमची एक गोष्ट आहे. ती व्यासपीठावरून सांगताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही. मला मात्र ती वाचल्यापासून चैन पडेना. जातीबद्दल बोलायला निघालेले बाबासाहेब मध्येच दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रोमला कशाला गेले असतील?

गोष्ट अशी. रोममध्ये दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे खानदानी घराण्यांचे लोक, आणि प्लेबियन म्हणजे बाकीची सारी रयत. राज्य चालवायला दरवर्षी दोन कौन्सल निवडले जात. पुष्कळ झगड्यानंतर, इ.स.पू. 367 मध्ये, त्यातली एक जागा रयतेसाठी ठरली. आजच्या भाषेत सांगायचे तर राखीव झाली. पण बाबासाहेब सांगतात की त्या खुर्चीवर रयतेचा ताठ कण्याचा माणूस काही बसू शकला नाही. निवडून आलेला माणूस देवीला मान्य आहे की नाही याचा कौल लागत असे. कौल सांगणारे पुजारी होते पॅट्रिशियन. आपल्या माणसांची बाजू घेऊन भांडणारा कोणी निवडून आला, की देवी नाही म्हणायची. खालमानेने वागणारा आला, की देवी प्रसन्न. आणि रयत हे सारे मुकाट्याने मान्य करी, कारण कौलावर तिचीही तितकीच श्रद्धा होती.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जन्म संगमनेरचा, आणि नोकरी संपल्यावर पुन्हा प्रवरेकाठीच येऊन राहिलो आहे. वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन झाले की अर्धा तास गप्पा. ऐकायला येणाऱ्यांत महिलाच जास्त, त्यातही एकेकाळी विड्या वळणाऱ्या पुष्कळ. एका रविवारी त्यांना ही रोमची गोष्ट सांगितली. "गुरुजी, पुढं काय झालं?" असा प्रश्न आला, तेव्हा पुढचे चार रविवार त्यातच गेले. मी लिव्ही, सॅलस्ट, टॅसिटस या रोमन इतिहासकारांची इंग्रजी भाषांतरे मिळवून वाचली. लिव्हीने 142 भाग लिहिले होते, त्यातले 35 उरले आहेत. तेवढेच वाचताना माझा चष्म्याचा नंबर वाढला!

आणि रोम आपल्याला वाटते तेवढे परके नाही बरे का. चंदनापुरीचा घाट ओलांडून पुण्याच्या रस्त्याने जुन्नरला जा. तिथल्या बौद्ध लेण्यांत यवनांची, म्हणजे पश्चिमेकडच्या ग्रीक-रोमन जगातून आलेल्या लोकांची, दाने कोरलेली आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भिक्खुसंघासाठी भोजनमंडप दिला. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून तिकडे माल जाई, आणि आपला पैसा हिंदुस्थानात वाहून चालला म्हणून प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करीत बसे. त्यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या भिक्खूंना जेवायला मांडव घातला, तर त्यांच्या इतिहासातले चार घास आपण घ्यायला हरकत नाही.

रयतेची लढाई सुरू झाली ती कर्जावरून. त्या काळच्या रोममध्ये कर्ज फिटले नाही तर सावकार कुळाला बांधून कामाला जुंपत असे. लिव्ही एका म्हाताऱ्या शिपायाचे वर्णन करतो. तो चौकात येऊन उभा राहिला. छातीवर लढायांतल्या जखमांचे व्रण, आणि पाठीवर सावकाराच्या फटक्यांचे ताजे वळ. तो देशासाठी लढत असताना शत्रूने त्याचे शेत जाळले, गुरे नेली. वर सरकारचा कर होताच. त्यासाठी कर्ज काढले. वाडवडिलांची जमीन गेली, आणि शेवटी देहही गेला. लोक खवळले. पण त्यांनी सावकारांची घरे जाळली नाहीत. इ.स.पू. 494 मध्ये सैन्यातली रयत उठली आणि शहरापासून तीन मैलांवर एका टेकडीवर जाऊन बसली. कोणाला मारले नाही, लुटले नाही. नुसते काम बंद, लढणे बंद. जगातल्या जुन्यात जुन्या संपांपैकी हा एक म्हणायला हवा.

वरच्यांची गाळण उडाली. त्यांनी मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गोडबोल्या माणूस टेकडीवर पाठवला. त्याने गोष्ट सांगितली. एकदा शरीराचे सगळे अवयव पोटावर रुसले. आम्ही राबायचे आणि या पोटाने आयते खायचे? हाताने घास उचलायचे बंद केले, तोंडाने उघडायचे, दातांनी चावायचे. मग काय, सारे शरीरच वाळून गेले. तेव्हा अवयवांना कळले, की पोटच रक्त बनवून साऱ्यांना पुरवते. सिनेट म्हणजे पोट, तुम्ही हातपाय. समजून घ्या आणि परत चला.

मी इथपर्यंत आलो, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "व्हय, पण गुरुजी, हाताला घट्टे पडले तर पोट कवा रडल्यालं बघितलं का तुम्ही?"

सगळ्या हसल्या. मला मात्र पुरुषसूक्त आठवले. तोंडातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र. मुलूख वेगळा, काळ वेगळा, पण माणसाला त्याच्या जागी बसवायला शरीराचाच दाखला. फरक एवढा, की रोमच्या रयतेने गोष्ट ऐकून घेतली आणि तरीही टेकडीवरून खाली उतरण्याआधी आपली अट वसूल केली. आमच्याकडे सूक्ताच्या बदल्यात काही पदरात पडल्याचे ऐकिवात नाही.

अट कोणती? तर आमच्या रक्षणासाठी आमच्यातलेच अधिकारी हवेत. त्यांना ट्रिब्यून म्हणत. पुढे त्यांची संख्या दहावर गेली. त्यांच्या अंगाला हात लावणाऱ्याचा जीव घ्यायला रयत शपथेने बांधलेली होती. कोणत्याही मोठ्या अधिकाऱ्याने अन्याय चालवला, तर ट्रिब्यूनने मध्ये उभे राहून 'मी मना करतो' एवढे म्हणायचे, की काम ठप्प. पण मला सर्वात आवडलेला नियम वेगळाच आहे. ट्रिब्यूनने आपल्या घराचे दार दिवसा आणि रात्रीही बंद करायचे नाही. अडचणीत सापडलेला माणूस केव्हाही येईल. शहर सोडून एक रात्रही बाहेर काढायची नाही. ना पालखी, ना जांभळ्या काठाचा झगा. हे ऐकून महिला एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे कुठले बंद दार उभे राहिले असेल, ते मी विचारले नाही.

आता कौलाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. बाबासाहेबांनी डेल्फीच्या देवतेचे नाव घेतले आहे. लिव्हीच्या इतिहासात हेच काम ऑगर नावाचे शकुन पाहणारे पुजारी करताना दिसतात. पाखरे कोणत्या बाजूने उडाली, वीज कुठे कडाडली, यावरून निवड शुद्ध की अशुद्ध ते सांगायचे. इ.स.पू. 327 मध्ये मार्सेलस नावाच्या प्लेबियन माणसाला डिक्टेटर, म्हणजे ठराविक कामापुरता सर्वाधिकारी, नेमले गेले. लगेच ऑगर म्हणाले, नेमणुकीत दोष आहे. तेव्हा ट्रिब्यून तावातावाने उठले. त्यांचे म्हणणे असे: नेमणूक झाली ती दूर छावणीत, मध्यरात्री, नीरव शांततेत. तिथे काही वावगे पाहिल्याचे किंवा ऐकल्याचे कोणीही सांगत नाही. मग रोममध्ये बसलेल्या पुजाऱ्यांना दोष दिसला कसा? नेमलेला माणूस प्लेबियन आहे, एवढाच दोष त्यांना दिसला, हे कोणालाही कळते. बोलणे इतके बिनतोड. तरी मार्सेलसला पायउतार व्हावे लागले.

आमची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याच्या मापाने पान कातरायचे, भरायचे, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला मी तिच्याबरोबर जाई. तिथे तपासणारा बसलेला असे. जुडी हातात घेई, दाबून बघे, आणि काही विड्या बाजूला टाकी. ती 'छाट'. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही नाही. ज्या बाईने आदल्या दिवशी तोंड वर करून काही विचारले असेल, तिची छाट दुसऱ्या दिवशी हमखास जास्त निघे. मार्सेलसची हकीकत वाचताना मला त्या माणसाची बोटे दिसत होती. विडी आईच्या हातची, पण ती चांगली की वाईट हे म्हणणारा हात दुसऱ्याचा.

पुणे करारातही हाच काटा होता. स्वतंत्र मतदारसंघ मिळाले असते, तर आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडला गेला असता. 24 सप्टेंबर 1932 च्या करारात प्रांतिक कायदेमंडळांत जागा वाढून 148 झाल्या खऱ्या, पण आपण चार उमेदवार पुढे करायचे आणि त्यातला कोणता घ्यायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे, असे ठरले. जागा वाढल्या आणि कौल हातचा गेला. पुढे ती चौघांची प्राथमिक निवडणूकही राहिली नाही. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब सुमारे 14 हजार मतांनी पडले, आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. राज्यघटनेचा शिल्पकार कौलाला उतरला नाही! आज आपला संगमनेर तालुका ज्या शिर्डी लोकसभा मतदारसंघात मोडतो, तोही 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबऱ्यातलाच आहे.

सत्ता केवळ पैशात नसते, श्रद्धेतही असते, हे सांगण्यासाठी बाबासाहेबांनी रोमची गोष्ट योजली. दोनच वर्षांनी, 1938 च्या फेब्रुवारीत, आपल्यापासून फार दूर नसलेल्या मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. लाहोरचे भाषण आणि मनमाडचे भाषण शेजारी-शेजारी ठेवून वाचावे, असे मी तरुणांना नेहमी सांगतो.

पण वाचकहो, सारा दोष कौल लावणाऱ्यावर टाकून आपली सुटका होत नाही. रोमचे इतिहासकार इथेच थांबत नाहीत, आणि म्हणूनच ते वाचण्यासारखे आहेत. सॅलस्ट सांगतो की कार्थेज या शत्रूचा इ.स.पू. 146 मध्ये नाश झाला, धाक संपला, आणि मग रोममध्ये आधी पैशाची आणि पाठोपाठ सत्तेची हाव माजली. (हा सॅलस्ट स्वतः आफ्रिकेत सुभेदार असताना लोकांना लुटल्याच्या आरोपातून सुटलेला माणूस! रोममध्ये त्याच्या बागा प्रसिद्ध होत्या. तेव्हा चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असे समजून त्याचे वाचावे.) त्याने जुगुर्था या आफ्रिकेतल्या राजाची हकीकत लिहिली आहे. हा राजा खून करून गादीवर आलेला, आणि सिनेटच्या बड्या लोकांना सोने चारून सुटत आलेला. इ.स.पू. 111 मध्ये मेमियस नावाच्या सच्च्या ट्रिब्यूनने त्याला रोमला आणवले आणि भर सभेत उभे केले. सांग, कोणाकोणाला पैसे दिलेस? लोक श्वास रोखून उभे. एवढ्यात दुसरा ट्रिब्यून पुढे आला, बेबियस. त्याने राजाला हुकूम केला, तू बोलायचे नाहीस. गरिबांना वाचवण्यासाठी टेकडीवर बसून मिळवलेला 'मी मना करतो' हा अधिकार त्याने लाच घेऊन चोराला वाचवायला वापरला. लोक ओरडले, त्याच्या अंगावर धावून जाऊ लागले. काही उपयोग झाला नाही.

दहा ट्रिब्यूनांतला एक विकत घेतला की पुरे, हे वरच्यांना फार आधी कळले होते.

नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे एका लहान शहरात होतो. नाव सांगत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर तिथला आमच्या वस्तीचा वॉर्ड राखीव झाला. वस्तीतून दोन नावे पुढे आली. एकजण कामगार युनियनमध्ये मुरलेला, प्रश्न विचारणारा. दुसरा स्वभावाने गरीब, कोणी हाक मारली की 'जी साहेब' म्हणून उभा राहणारा. तिकीट कोणाला मिळाले ते सांगायला नको. वस्तीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट होता. तिथे वाचनालय व्हावे म्हणून आम्ही सह्यांचे अर्ज दिले होते. दोन वर्षांनी कळले, की तो प्लॉट दुकानांच्या गाळ्यांसाठी दिला गेला. आम्ही जाब विचारायला गेलो, तेव्हा कारकुनाने शांतपणे ठरावाचे रजिस्टर उघडून दाखवले. सूचक म्हणून नाव होते ते आमच्याच सदस्याचे. "तुमच्याच माणसानं मांडलाय," तो म्हणाला. आमच्या तोंडाला कुलूप बसले. त्या सदस्याचा मला राग कमी आणि कीव जास्त आली. त्याला बिचाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे तेही कोणी वाचून दाखवले नव्हते. पण बेबियसचे तसे नव्हते, आणि आपल्याकडेही सगळेच बिचारे नसतात.

रोमच्या रयतेने पुजारीपणही मिळवले. इ.स.पू. 300 मध्ये कायदा झाला, आणि नऊ ऑगरांपैकी पाच प्लेबियन असावेत असे ठरले. कौल आता आपल्या हाती आला, असे वाटले असेल. प्रत्यक्षात काय झाले? प्लेबियनांतली श्रीमंत घराणी वर सरकली, पॅट्रिशियनांशी सोयरिकी करू लागली, आणि दोघांची मिळून नवी खानदानी तयार झाली. इ.स.पू. 215 मध्ये दुसरा एक मार्सेलस, हाही प्लेबियन, कौन्सल निवडून आला. दोन्ही कौन्सल प्लेबियन होण्याची ती पहिलीच वेळ. पद घेताना ढग गडगडले. ऑगरांनी निवड सदोष ठरवली, आणि त्याच्या जागी फेबियस हा पॅट्रिशियन आला, जो स्वतः ऑगर होता. त्या वेळी ऑगरांत निम्म्याहून अधिक जागा प्लेबियनांच्या होत्या. माडी चढलेल्या माणसाला खालचे अंगण लहानच दिसते.

बाबासाहेबांना हे दुःख भोगावे लागले. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याला त्यांनी भर सभेत खंत बोलून दाखवली, की शिकून मोठे झालेले लोक समाजाची सेवा करतील असे वाटले होते, पण ते आपापले पोट भरण्यात गुंतले आहेत. त्या रविवारी विहारात मी हे सांगितले, तेव्हा सरकारी नोकरीतले दोन-तीन जण घड्याळाकडे पाहू लागले.

ट्रिब्यूनच्या पदाचा शेवट तर विलक्षण झाला. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने इ.स.पू. 133 मध्ये बड्यांनी बळकावलेली सरकारी जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा आणला. त्याला पहिला विरोध केला तो ऑक्टेवियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने. शेवटी सिनेटरांनी टायबेरियसला आणि त्याच्या सुमारे 300 साथीदारांना दंडुक्यांनी ठार मारले, आणि त्या जमावाच्या पुढे होता मुख्य पुजारी. धाकटा भाऊ गायस ट्रिब्यून झाला, तर सिनेटने त्याच्याविरुद्ध ड्रूसस नावाचा ट्रिब्यूनच उभा केला. गायसने दोन वसाहती देऊ म्हटले, तर ड्रूससने बारा. लोक बारा ऐकून तिकडे वळले. त्या बारा वसाहतींचे काही झाले नाही. पुढे शंभर वर्षे यादवी चालली, आणि इ.स.पू. 23 मध्ये ऑगस्टस या पहिल्या सम्राटाने ट्रिब्यूनचा अधिकार तहहयात स्वतःकडे घेतला. पुढचे सम्राटही आपल्या राज्याची वर्षे ट्रिब्यूनपदाच्या वर्षांनी मोजू लागले. गरिबांचा वाली म्हणून जी पगडी बनवली होती, ती राजाने डोक्यावर चढवली. टॅसिटस सांगतो, की त्याने सैन्याला बक्षिसांनी आणि लोकांना स्वस्त धान्याने खूश केले, पदांची जुनी नावे तशीच ठेवली, आणि खरे लोकराज्य पाहिलेले कोणी उरलेच नव्हते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो हुकूमशाहीच्या या वाटेचाच होता. धर्मात भक्ती चालेल, राजकारणात ती अधोगतीकडे नेते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि इच्छुकांचे चेहरे परातीएवढे असतात, तेव्हा मला हे भाषण आठवते.

इतके ऐकल्यावर महिलांचे चेहरे उतरले. मावशी म्हणाल्या, "मंग गुरुजी, कुणी चांगला निघालाच न्हाई का?" तेव्हा शेवटच्या रविवारसाठी राखून ठेवलेली गोष्ट मी सांगितली. ती फ्लेवियसची.

ग्नेयस फ्लेवियस हा एका मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा. सरकारी कचेरीत कारकून. त्या काळी रोमचे मूळ कायदे, बारा पाट्यांवर कोरलेले, लोकांपुढे आलेले होते. त्यातच पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नाला बंदी घालणारे कलम होते. ते इ.स.पू. 445 मध्ये कॅनुलियस नावाच्या ट्रिब्यूनने रद्द करवले. लग्नाने रक्त मिसळले तर शकुन बिघडतील, असे वरचे लोक तेव्हा म्हणत होते. पण कायदा उघड झाला तरी कोर्टात दावा कोणत्या शब्दांत मांडायचा आणि कोणत्या दिवशी कोर्ट भरते, हे पुजाऱ्यांनाच ठाऊक असे. गरीब माणसाला प्रत्येक वेळी त्यांच्या पायाशी जावे लागे. फ्लेवियसने पुजाऱ्यांच्या दप्तरातली ती सारी माहिती उघड केली, आणि कोर्टाच्या दिवसांची यादी पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात चहूबाजूंनी लावली. इ.स.पू. 304 मध्ये तो मोठ्या अधिकारपदावर निवडून आला. तेव्हा रागाने खानदानी लोकांनी बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या, जणू घरात मयत झाली आहे. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला. तिथे बसलेली बड्या घरची पोरे ठरवून उठली नाहीत. हा काही बोलला नाही. त्याने आपली अधिकाराची खुर्ची तिथेच आणवली आणि ती मांडून त्यांच्यासमोर बसला.

या गोष्टीला टाळ्या पडल्या. विहारात टाळ्या वाजवीत नाहीत, हे सांगायला मीही विसरलो.

त्यानंतर चर्चा निघाली ती भलत्याच दिशेने. एका मुलीने विचारले, "गुरुजी, आपल्या जयंतीच्या वर्गणीचा हिशोब कुठं लिहिलेला असतो?" मंडळाचे खजिनदार मागेच उभे होते. माणूस प्रामाणिक आहे, माझ्या चांगल्या ओळखीचा. ते म्हणाले, "वही आहे ना माझ्याकडं. केव्हाही या, बघा." मावशी म्हणाल्या, "भाऊ, वही तुमच्या घरात. तुमचं दार उघडं असंल तवा दिसंल." खजिनदारांचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी राग धरला नाही. शाळेतून मोडीत निघालेला एक फळा माझ्याकडे होता. तो धुऊन विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर, बायामाणसांना वाचता येईल अशा उंचीवर लावला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दर रविवारी एक मुलगी तो मोठ्याने वाचते. पावसाचा सपकारा येतो म्हणून वर पत्रा ठोकायचा आहे. त्याचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर दोन बैठका झाल्या आहेत.

सध्या फळ्यावरची पहिली ओळ मंडपवाल्याच्या बाकीची आहे. 1,850 रुपये. खजिनदार म्हणतात दिले, मंडपवाला म्हणतो मिळाले नाहीत. पावतीचा शोध चालू आहे.